हडळीची बोटं, अत्तेंच्या अटीवर

हॅलोवीन आपल्याकडे आला तो शाळांतून आणि अपार्टमेंटच्या जिन्यांतून. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी कुणी चेटकीण, कुणी सांगाडा, कुणी ड्रॅक्युला होऊन मुलं घरोघर हिंडतात आणि शेवटी एका घरी खाणं असतं. ‘हे कुठलं नवं खूळ’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढंच सांगते, की ज्या बेळगावात 31 डिसेंबरच्या रात्री ‘ओल्ड मॅन’ जाळतात, त्या बेळगावानं भोपळ्याच्या भुताला बिचकायचं कारण नाही. भोपळा तरी मूळचा कुठं आहे? आयर्लंडातले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. पोटापाण्यासाठी ते अमेरिकेला गेले, तिथं भोपळे मुबलक आणि कोरायलाही सोपे. इंग्लंडात याच दिवसांत गरीब माणसं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि घरवाले त्यांच्या हातावर ‘सोल केक’ ठेवत. पितृपक्षात कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. आपले ख्रिस्ती शेजारी 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, तो दिवसही ह्याच सणाला लागून येतो.

2025 साली खाण्याची पाळी आमच्या घरी आली. मुलं अकरा. आमची कन्या सहावीत, तिनं मोबाइलवर चित्रं काढून ठेवलेली : रक्ताळलेली तुटकी बोटं, बशीतले डोळे आणि चॉकलेट केकच्या मातीत रोवलेल्या बिस्किटांच्या कबरी. ‘आई, माती म्हणून कुंदा पसरूया की! अगदी तसाच दिसतोय!’ कुंद्याचा रंग नि रवाळपणा बघता पोरीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं, हे बेळगावकर म्हणून कबूल करायलाच हवं.

आमच्या अत्ते धारवाडकडच्या. आयुष्याची पन्नास वर्षं बेळगावात काढली, मराठी आमच्याइतकंच बोलतात. पण मनापासून काही सांगायचं झालं की कन्नडावर येतात. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘अन्नक्क हिंग माडबारदव्वा.’

मी म्हटलं, ‘अत्ते, मुलांचा खेळ आहे हो. रुखवतात आपण नाही का बोळक्याएवढे लाडू नि साखरेचं तुळशीवृंदावन करत?’

‘खेळ आहे, खरं. पण वरच्या मजल्यावरचा पोरगा येणार नव्हं?’

त्या मुलाची आजी जाऊन तीन आठवडे झाले होते. आईबाप दोघं नोकरीला, त्यामुळे त्याला शाळेला सोडणं, आणणं, भरवणं सगळं तिनंच केलेलं. ‘त्याच्यासमोर माणसाचं बोट ठेवणार? मातीचं ढिगारं ठेवणार?’ ह्या प्रश्नाला माझ्या एम.ए.त उत्तर नव्हतं. त्याला बोलवायचं नाही, हाही मार्ग नव्हता. घरात दुःख आहे म्हणून पोराला खेळातून वगळणं म्हणजे शिक्षाच.

तोडगा अत्तेंनीच काढला. ‘हडळीचं चालतंय. माणसाचं नको.’ त्यांचं म्हणणं असं, की हडळ, मोहिनी, चकवा, कोळ्ळीदेव्व ही कुणाच्या घरातली माणसं नव्हेत. त्यांना कुणी खांदा दिलेला नाही. हाड, कबर, माती ह्यांना मात्र कुणीतरी वाली असतो. मला हा फरक पटला, आणि परदेशी चित्रांत तो कुठंच दिसत नाही. कबरी रद्द झाल्या. कुंदा वाटीतून, कुंदा म्हणूनच द्यायचं ठरलं.

हडळीची बोटं आम्ही कोडबळ्याच्या पिठाची केली. दोन वाट्या तांदळाचं पीठ, अर्धी वाटी बारीक रवा, पाव वाटी डाळ्याचं पीठ, दोन चमचे सुक्या खोबऱ्याचा कीस, जिरं, मीठ, तिखट आणि चार चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाण्याऐवजी पालकाची कच्ची पेस्ट घालून घट्ट मळायचं. पालक तळला की त्याचा रंग शेवाळासारखा मळकट होतो, एरवी आपण त्यावर हळहळतो. इथं तोच हवा. करंगळीएवढ्या जाडीच्या वळ्या करायच्या, पण कडं वळायचं नाही, थोडं वाकडं ठेवायचं. सुरीनं पेरांच्या जागी तीन-तीन रेघा. कोडबळ्याला भेगा पडल्या की सुगरण खजील होते. बोटाला भेगा पडल्या की अकरा मुलं खूश. नखाला भिजवून सोललेल्या बदामाची पाकळी. ती आधी कोरडी पुसून घ्या, नाहीतर तेल उडतं. आणि नुसती वर चिकटवू नका, खोल रुतवून बाजूचं पीठ चिमटीनं तिच्यावर ओढा. नाहीतर नखं तेलात नि बोटं झाऱ्यात! आच मंद हवी. जाड वळी मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहते. बदाम-शेंगदाणा कुणाला चालत नाही, हे आयांना आधी विचारून घ्यावं.

लाल रंगासाठी बाजारातली पूड आणू नका. गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर कर्नाटक सरकारनं 2024 मध्ये बंदी घातली, ती काही उगाच नव्हे. आपल्याकडे ब्याडगी मिरची असताना रंग विकत कशाला? दहा मिरच्या, बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या, लसूण, चिंच, गूळ, मीठ घालून वाटायच्या आणि चमचाभर तेलात चकाकी येईपर्यंत परतायच्या. रंग गडद, तिखटपणा बेताचा. ह्याला रक्त म्हणायचं नाही, असं अत्तेंनी बजावलेलं. मुलींनी नाव दिलं, ‘हडळीचं नेलपॉलिश’.

कन्येनं दारावर खडूनं ‘नाळे बा’ लिहिलं. नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगाव दारांवर हे लिहिलेलं असायचं, तुम्हालाही आठवत असेल. रात्री देव्व ओळखीच्या आवाजात हाक मारतं आणि पाटी वाचून ‘उद्या’ म्हणून परत जातं, अशी अफवा होती. लेकीनं ती अत्तेंकडूनच ऐकलेली.

वरच्या मजल्यावरचा ड्रॅक्युला दाराशीच थांबला. अक्षरं वाचली, बाकीच्यांकडून गोष्ट ऐकली. मग अत्तेंजवळ येऊन कन्नडात हळूच विचारलं, आमची अज्जी आली तर तीही हे वाचून परत जाईल का?

खोलीत आम्ही तिघी मोठ्या बायका होतो. दोघींना काही सुचलं नाही.

अत्ते म्हणाल्या, ‘आकीगे ओदाक बरतिरलिल्लप्पा.’

पोरगं जरा विचारात पडलं. ‘सही माडाक बरतित्तु,’ म्हणालं, आणि ताटातलं एक बोट उचलून आधी नख काढून खाल्लं.