ओटा तिरका की यंत्र तिरकं?

मुलांनो, आज आधी माझीच एक फजिती सांगते. हसायचं तेवढं हसा, पण शेवटपर्यंत वाचा बरं का!

आमच्या मावळातल्या शाळेत पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याच्या टाकीसाठी ओटा बांधला. बांधणारे गवंडीकाका म्हणजे आमच्या चौथीतल्या एका मुलाचे वडील. ओटा झाल्यावर त्यांनी त्यावर पाणसळ ठेवली. पाणसळ पाहिली आहे ना तुम्ही? एका पट्टीत बसवलेली छोटी नळी, तिच्यात द्रव आणि एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला, की जागा एका पातळीत आहे असं समजायचं.

बुडबुडा मधोमध थांबला. पण मला कुठली दम धरायची सवय! माझ्या मोबाइलमध्येही पातळी मोजायची सोय आहे. मी तो ओट्यावर ठेवला. आकडा आला २ अंश!

"काका, ओटा भिंतीच्या बाजूला उंच झालाय," मी म्हटलं.

मुलं लगेच ओरडली, "पाणसळ जुनी झाली! पाणसळ जुनी झाली!" चौथीतला तो मुलगा मात्र काही बोलला नाही. खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

काका रागावले नाहीत. त्यांनी पाणसळ उचलली, टोकाची अदलाबदल केली आणि त्याच जागी परत ठेवली. बुडबुडा पुन्हा मधोमध! मग म्हणाले, "बाई, आता तुमचं यंत्र तसंच फिरवून ठेवा की."

मी मोबाइल फिरवून ठेवला. आता तो म्हणू लागला, ओटा दाराच्या बाजूला उंच आहे! एकच ओटा घटकेत इकडून उंच, घटकेत तिकडून उंच, असं कसं होईल? मोबाइल उलटा करून पाहिला, तर मागे कॅमेऱ्याचा उंचवटा. त्या उंचवट्यावर टेकून बिचारा मोबाइलच तिरका बसला होता. ओटा अगदी बरोबर होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दोन अंशांनी एवढं काय बिघडलं? ओट्याचं काही बिघडलं नसतंही. पण हाच प्रश्न आकाशात पडला तर?

जुलैमध्ये लोणावळ्याला गेला असाल, तर तिथलं धुकं तुम्हांला माहीतच आहे. दरी कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं, काही कळत नाही. तरी आपले पाय जमिनीवर असतात. वैमानिकाचं काय? ढगांत किंवा काळोखात त्याला क्षितिज दिसत नाही. आणि कान तर चक्क फसवतो! आपल्या कानाच्या आत द्रवानं भरलेल्या बारीक नळ्या असतात. त्यांच्यामुळे आपल्याला वळल्याचं कळतं. पण विमान अगदी हळूहळू कललं, तर त्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून वैमानिकासमोर कल दाखवणारं एक उपकरण असतं. वर निळं आभाळ, खाली तपकिरी जमीन, मध्ये क्षितिजाची रेघ आणि तिच्यावर छोटंसं विमान.

मग विमानात सरळ पाणसळच का नाही बसवत? याचं उत्तर तुम्हांला लोणावळ्याच्या स्टेशनात मिळेल. आगगाडीत अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोर ठेवा. स्टेशनात रूळ जवळजवळ सपाट असतात, तरी गाडीनं ब्रेक लावला की बाटलीतलं पाणी पुढच्या बाजूला चढतं. पुढे खंडाळ्याच्या घाटात तर ३७ मीटरला १ मीटर असा उतार आहे. तिथे पाणी कललं, तर ते उतारामुळे की ब्रेकमुळे? एकट्या बाटलीला ते सांगता येत नाही. विमान तर सारखं वेग बदलतं, वळतं. तिथे पाणसळ फसणारच.

म्हणून माणसानं भोवऱ्याची मदत घेतली. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सहजासहजी बदलत नाही. जुन्या उपकरणांत अशी फिरणारी चाकं असत. आता अनेक विमानांत इलेक्ट्रॉनिक पडदे आले. त्यांच्यामागे कुठे लेसरचा प्रकाश हे काम करतो, तर कुठे इवल्याशा चिप. तशाच जातीच्या चिप तुमच्या घरच्या मोबाइलमध्येही असतात! एक चिप वळणं मोजते, पण तिची चूक हळूहळू साठत जाते. दुसरीला जमीन कुठल्या दिशेला आहे ते जाणवतं, पण ती वेग बदलला की फसते. संगणक दोघींचं ऐकून हिशोब जुळवतो.

हा पडदा जमिनीवरच चुकीचा कल दाखवू लागला तर? तंत्रज्ञ लगेच पडदा बदलत नाहीत. आधी पाहतात, विमान तरी सपाट जागी उभं आहे का? मागची पेटी घट्ट आणि सरळ बसली आहे का? (आठवला ना माझा मोबाइल?) यंत्र सुरू होत असताना विमान कुणी हलवलं तर नाही? तारांची जोडणी सैल आहे का? कधी डाव्या-उजव्या बाजूच्या सारख्या पेट्यांची अदलाबदल करतात. दोष पेटीबरोबर गेला तर पेटी वाईट, जागच्या जागी राहिला तर तारांत किंवा दुसरीकडे शोधायचं. गवंडीकाकांनी तरी दुसरं काय केलं?

पण उडताना एवढा वेळ नसतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघालं. समुद्रावर येताना ते थोडं उजवीकडे वळून सरळ झालं. पण कप्तानासमोरचं उपकरण बिघडलं होतं. ते विमान उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, क्षितिज कुठेच नाही. कप्तानांनी विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं. शेजारी सहवैमानिकाचं उपकरण होतं. तिसरं, राखीवही होतं. पण तिन्हींचा ताळा करायला काही सेकंदच हातात होते. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

मुलांनो, हे वाचून तुम्हांला वाईट वाटेल. मलाही लिहिताना वाटलं. पण अशा अपघातांतूनच शहाणपण येतं. आता अनेक विमानांत दोन बाजूंची उपकरणं वेगळं सांगू लागली, की पडद्यावर तसा इशारा येतो. वैमानिकांकडूनही याचा सराव करून घेतात. आपल्यासमोरचं उपकरण चुकीचं असू शकतं हे ध्यानात ठेवायचं, दुसरं पाहायचं, तिसरं पाहायचं आणि ज्यांचं एकमेकांशी जुळतं त्यांचं ऐकायचं.

त्या दिवशी मी काय केलं, ते सांगायचं राहिलंच. सगळ्या मुलांसमोर काकांना म्हटलं, "काका, चुकलं माझं. तपासून न बघताच बोलले." काका नुसते हसले. तो मुलगा मात्र धावत गेला, पाणसळ उचलली आणि सगळ्या वर्गाला फिरवून फिरवून दाखवू लागला.

आता तुम्ही करून पाहा. घरातल्या मोठ्यांना विचारून मोबाइल टेबलावर ठेवा, आकडा लिहा. मग तो त्याच जागी अर्धा फिरवून ठेवा, पुन्हा लिहा. टेबल तिरकं निघालं की मोबाइल? आणि ते कशावरून ठरवलंत? मला पत्रानं जरूर कळवा.

तुमच्या बाई