हरवलेल्या माणसाचा वाली कोण?

वर्धा जिल्ह्यांतील बोर अभयारण्यास 2014 सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथें कॅमेरे लावून वाघांची गणना होते, हें योग्यच आहे. परंतु ज्यांच्या श्रमांवर विडीचा व्यापार चालतो, त्यांपैकीं तेंदूपानें तोडावयास सरकारी रानांत गेलेला एखादा मजूर सायंकाळीं परतला नाहीं, तर त्याचा माग कोणीं काढावा? रान वनखात्याचें, तपास पोलिसांचा. त्यांत बोरचें जंगल नागपूर जिल्ह्यांतहि पसरलेलें!

हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें 2013 सालीं घातला. प्रौढाची मात्र बहुधा नुसती 'मिसिंग' म्हणून नोंद होते. प्रेत अथवा अन्य पुरावा न मिळाल्यास, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 111 अन्वयें, सात वर्षें खबर न लागल्यावरच मृत्यूचें अनुमान निघतें. तोंवर त्याच्या पत्नीनें विधवेचे हक्क मागावे कीं वाट पाहत बसावें?

आमचें म्हणणें इतकेंच कीं, खबर येतांच पोलिस व वनरक्षक यांनीं हद्दीचा वाद न घालतां एकत्र निघावें, आणि दोन्ही खात्यांची नोंदवही एकच असावी. ज्या सरकारास वाघाचा माग काढतां येतो, त्यास माणसाचा काढणें अशक्य नाहीं.