मनगटावरच्या कॅलरी आणि लोहगडाचा चढ



लोहगड चढताना घड्याळाने जितक्या कॅलरी दाखवल्या, तितके लोणावळ्यात येऊन निर्धास्त खावे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही.

घड्याळ नाडी बऱ्यापैकी मोजते. कॅलरींचा मात्र ते नाडी, हालचाल, वय आणि वजन यांवरून अंदाज बांधते. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० जणांवर अशी सात उपकरणे तपासली. सहांच्या नाडीच्या नोंदीतली चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींत मात्र सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले.

गडावर हिशेब आणखी बिघडतो. पाठीवरच्या सॅकचे वजन मनगटाला कळत नाही. पावसाळ्यात विसापूरच्या पाणी वाहणाऱ्या पायऱ्यांवर भीतीने छाती धडधडली, तरी आकडा फुगतो. उलट, आमच्या मावळात दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या बाईची पावले मोजकीच भरतील. खाचरातल्या चिखलातून एकेक पाय उपसण्याचे कष्ट त्यात कुठून येणार?

भरवशाची मोजणी श्वासावरून होते. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च होतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात स्थापलेल्या कैवल्यधामात प्राणायामातील ऑक्सिजनची मोजणी कित्येक दशकांपूर्वीच झाली आहे.

घड्याळ जरूर वापरावे, कालच्या चालण्याशी आजचे ताडून पाहावे. पण त्या आकड्यावर ताटातले अन्न ठरवू नये. मधुमेहींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

— एक वाचक, कामशेत