धुऱ्यावर फेकलेलं पाकीट

राजेहो, आज पऱ्हाटीतून फिरताना चार डोमकळ्या सापडल्या. फूल उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीवाणी एकमेकींत अडकतात अन् आत गुलाबी अळी. तोडून जाळल्या. मग जुनी चूक आठवली, ती लिहितो.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. तेव्हा मोठ्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचं एक लहान पाकीट यायचं. नियम असा, की वावराच्या भोवताल पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त होईल तेवढं, त्या बियाण्याचं लावा. मी ते पाकीट धुऱ्यावर फेकलं. अळीले खाऊ घालाले ओळी लावायच्या, हे डोक्यातच शिरत नव्हतं. गावात बहुतेकांनी हेच केलं.

कारण साधं होतं. बीटी खाऊनही न मरणारे पतंग सुरुवातीला फार थोडे असतात. त्या पाच ओळींवर साधे पतंग भरपूर वाढले, तर यांची जोडी त्यांच्याशीच लागते अन् होणारी पिल्लं बीटी खाऊन मरतात. साधे पतंगच राहिले नाहीत, तर न मरणाऱ्याची जोडी न मरणाऱ्याशीच.

हिरवी बोंडअळी तूर खाते, हरभराही खाते. तिच्यासाठी आपल्या वऱ्हाडात साधा चारा आपोआप राहिला. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते. तिच्यासाठी तो आपणच ठेवायचा होता. २०१० मध्ये गुजरातेतून बातमी आली, की एका जनुकाचं बीटी ती पचवते. २०१७ मध्ये तिनं आपल्या विदर्भातली बोंडं पोखरली.

त्याच २०१७ मध्ये चीनमधल्या यांगत्से खोऱ्याचा ११ वर्षांचा अभ्यास छापून आला. तिथं शेतकरी संकरित वाणाचं दुसऱ्या पिढीचं बी पेरत. त्यात चारातलं एक झाड आपोआप बिगर-बीटी निघे. तेवढ्यानं अळीची वाढलेली ताकद परत उतरली. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी आधी ओळी पाळल्या, पुढं नपुंसक पतंग सोडले. २०१८ मध्ये त्या देशानं कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

मले वाटते, दोष फक्त बियाण्याले देऊन भागत नाही. आपल्याले कोणी नीट समजावलं नाही हे खरं, पण पाकीट माझ्याच हातानं फेकल्या गेलं. आता बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून येते. पण आपल्याकडे अळी इतकी मुरली, की एवढ्यानं ती हटणार नाही.

हातात एक गोष्ट उरली: फरदड बंद. पाणी आहे म्हणून डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीले पुढच्या हंगामापर्यंत अन्न मिळते. दोन-चार क्विंटल फरदडीसाठी साऱ्या शिवाराचा पुढचा कापूस कवडी होतो. हे एकट्यानं करून उपयोग नाही, पतंग धुरा मानत नाही.

म्हणून उद्या सकाळी धुऱ्यापलीकडच्या भावाले विचारणार हाव, की डिसेंबरात दोघंही पऱ्हाटी उपटू का? तुम्हीही तुमच्या शेजाऱ्याले विचारून पाहा.