खोडलेल्या आकड्याचा इतिहास

दसरा जवळ आला की भारतातल्या कोट्यवधी मोबाइलवर एकच दृश्य दिसू लागते. इअरफोन असोत, मिक्सर असो की तेलाचा पाच लिटरचा डबा, वस्तूच्या चित्राखाली दोन आकडे असतात. पहिला करड्या रंगाचा, मधोमध रेघ ओढलेला. दुसरा ठळक. शेजारी सवलतीची टक्केवारी आणि खाली उलटे धावणारे घड्याळ.

सगळ्यांचे डोळे दुसऱ्या आकड्यावर असतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र खोडलेला आकडा पाहावा. तो कोणी लिहिला? कधी लिहिला? त्या किमतीला ती वस्तू कोणी कधी विकत घेतली होती का? हा थ्रेड त्या आकड्याविषयी आहे.

सणासुदीच्या सेलवर टीका करणाऱ्यांचा सूर ठरलेला असतो: लोक हावरट झाले, सण बाजारू झाला. हे निदान आळशी आहे. स्वस्त वस्तू शोधणे हा दुर्गुण नव्हे. बेताच्या उत्पन्नात संसार चालवणाऱ्या प्रत्येक पिढीने ते कौशल्य कमावले होते. मग गेल्या काही दशकांत बदलले काय? किंमत लक्षात ठेवण्याचे काम खरेदीदाराकडून विक्रेत्याकडे गेले. हे कसे घडले ते पाहण्यासाठी आधी सतराव्या शतकातल्या जपानमध्ये जावे लागते.

एदो, म्हणजे आजचे टोकियो. तिथले कापडव्यापारी त्या काळी सामुराई आणि धनिकांच्या घरी माल घेऊन जात. व्यवहार उधारीवर चाले आणि हिशेब वर्षातून एकदोनदाच चुकता होई. उधारी बुडण्याचा धोका आणि गिऱ्हाईक घासाघीस करणार ही खात्री, या दोन्हींची भरपाई किमतीतच केली जाई. सांगितलेली किंमत मुळातच फुगवलेली असे. या फुगवट्याला जपानी भाषेत स्वतंत्र शब्दच आहे: ‘काकेने’.

मित्सुई ताकातोशी या व्यापाऱ्याने १६७३ मध्ये एदोत ‘एचिगोया’ नावाचे दुकान काढले. १६८३ मध्ये ते नव्या जागी हलवताना त्याने जाहीर केलेल्या धोरणाचा आशय असा होता: रोख पैसे द्या, काकेने नाही. किंमत एकच, सर्वांना सारखी. हवे तेवढेच कापड फाडूनही मिळेल. मित्सुकोशी ही जपानमधली विख्यात दुकानसाखळी याच दुकानाची वारस. थोडक्यात, खोडण्यासाठी लिहिलेली किंमत ही फसवणूक आहे, हे एका यशस्वी व्यापाऱ्याने तीनशे चाळीस वर्षांपूर्वी ओळखले होते आणि तीच गोष्ट त्याने आपल्या दुकानाची जाहिरात बनवली होती.

याच विचाराचा दुसरा प्रवाह ख्रिस्ती धर्मातून आला. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर पंथाला घासाघीस मान्य नव्हती. मनात एक किंमत ठेवून तोंडाने दुसरी सांगणे म्हणजे खोटे बोलणे, असे त्यांचे साधे तर्कशास्त्र होते. याच पंथाच्या विल्यम पेनने पेनसिल्व्हेनियाची वसाहत स्थापन केली आणि तिची राजधानी झाली फिलाडेल्फिया. हे शहर लक्षात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे.

फिलाडेल्फियात जॉन वानामेकरने १८७६ मध्ये रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात आपले विशाल दुकान, ‘ग्रँड डेपो’, उघडले. एकच किंमत, ती वस्तूवर लिहिलेली, आणि माल पसंत न पडल्यास परत. किमतीची चिठ्ठी वानामेकरनेच शोधली असे इंटरनेटवर सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्टने त्याच्या बऱ्याच आधी स्थिर किमतीचा पायंडा पाडला होता, पॅरिसच्या ‘बॉन मार्शे’त बुसिकोनेही तेच केले होते, आणि मित्सुईची गोष्ट तर वर आलीच. वानामेकर स्वतः क्वेकरही नव्हता, प्रेस्बिटेरियन होता. त्याचे मोठेपण इतकेच की त्याने ही पद्धत प्रचंड प्रमाणावर राबवली आणि तिची अखंड जाहिरात केली.

स्थिर किमतीमागे केवळ नीतिमत्ता होती असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. घासाघीस करण्यासाठी मुरलेला विक्रेता लागतो. त्याला मालाची खरेदी किंमत ठाऊक असावी लागते, गिऱ्हाइकाचा खिसा जोखता यावा लागतो, नेमके कुठे थांबायचे हे कळावे लागते. किंमत चिठ्ठीवर छापली की हे सारे ज्ञान अनावश्यक होते आणि कमी पगारावरचे नवखे कर्मचारी शेकडो गिऱ्हाइकांना माल देऊ शकतात. मोठ्या दुकानांचे अर्थकारण यावरच उभे राहिले.

इथे कथेला खरे वळण मिळते. घासाघीशीच्या बाजारात ‘सवलत’ नावाची स्वतंत्र गोष्ट नसते. तिथे दोघांत ठरेल तीच किंमत. जिची मूळ किंमतच स्थिर नाही, तिच्यावर इतके टक्के सूट कशी मोजणार? सवलत जन्माला येण्यासाठी आधी स्थिर किंमत यावी लागते. आणि घडलेही तसेच. ग्रँड डेपो उघडून दोन वर्षे होतात न होतात, तोच वानामेकरने जानेवारी १८७८ मध्ये ‘व्हाइट सेल’ भरवला. नाताळनंतरच्या मंदीच्या महिन्यात चादरी, टेबलक्लॉथ वगैरे पांढरे कापड कमी दरात. खोटी किंमत हद्दपार करण्यासाठी आणलेल्या चिठ्ठीवर आता रेघ मारता येऊ लागली.

विसाव्या शतकात सण आणि सवलत यांची गाठ पक्की झाली. १९३९ मध्ये थँक्सगिव्हिंगचा सण ३० नोव्हेंबरला येत होता आणि नाताळच्या खरेदीला दिवस कमी उरतात अशी मोठ्या दुकानदारांची तक्रार होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे आणला. देशात फूट पडली. काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी, आणि टेक्साससारख्या राज्याने दोन्ही दिवशी सुटी देऊन टाकली. अखेर १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित केला. पंचांगावरून आपल्याकडे होणारे वाद यापुढे फारच सौम्य वाटतात.

त्या गुरुवारनंतरचा शुक्रवार म्हणजे ‘ब्लॅक फ्रायडे’. त्याच्या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती अशी सांगतात: वर्षभर तोट्यात, म्हणजे लाल शाईत असलेली दुकाने त्या दिवशी नफ्यात, म्हणजे काळ्या शाईत येतात. ही व्युत्पत्ती मागाहून चिकटवलेली आहे आणि ती १९८०च्या दशकात पसरली. मूळ प्रयोग आहे फिलाडेल्फियाच्या पोलिसांचा, १९५०-६०च्या दशकांतला. सणानंतर खरेदीला लोटणारी गर्दी, तुंबलेली वाहतूक, शनिवारच्या आर्मी-नेव्ही फुटबॉल सामन्यासाठी आलेले प्रेक्षक आणि रद्द झालेल्या रजा. पोलिसांच्या दृष्टीने तो दिवस काळाच होता. दुकानदारांना हे नाव इतके झोंबले की १९६१च्या सुमारास त्यांनी ‘बिग फ्रायडे’ हे नाव रुजवण्याचा प्रयत्न केला. तो फसला. ज्या शहराने एकच खरी किंमत असावी हा आदर्श गाजवला, त्याच शहराने किमतीवर रेघ मारण्याच्या जागतिक उत्सवाला नाव दिले.

आता भारत. आपल्याकडे बाजारभावावर नजर ठेवण्याची परंपरा जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या नफ्याची मर्यादा देशी मालावर ५ टक्के आणि परदेशी मालावर १० टक्के अशी सांगितली आहे. पण रोजच्या व्यवहारात किमतीचा खरा पहारेकरी होते ते घर. मागच्या महिन्यात साखर काय भावाने आणली, गेल्या दिवाळीला रवा केवढ्याला पडला, हे गृहिणीला तोंडपाठ असे. तिची घासाघीस या स्मरणाच्या बळावर चाले.

हे स्मरण किती मोठी राजकीय शक्ती होऊ शकते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. भाव वाढला आहे हे सांगायला त्यांना कोणत्याही आकडेवारीची गरज नव्हती. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्रित घाऊक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. स्वस्ताईचा हा शोध एकट्याचा नव्हता आणि त्यात कोणतेही घड्याळ उलटे धावत नव्हते. भारतीय ग्राहक चळवळीवर लिहिताना १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून सुरुवात करणाऱ्यांनी या गटांकडे एकदा तरी पाहावे.

मग १९९० साल आले. तोपर्यंत वेष्टनावर ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापून किंमत देता येत असे आणि त्या कराच्या नावाखाली दुकानदार मनाला येईल तेवढी भर घालत. नियमात दुरुस्ती झाली आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापणे बंधनकारक झाले. हेतू उत्तम होता. खेड्यातल्या निरक्षर ग्राहकाच्या वतीने शेजारचा शाळकरी मुलगाही आकडा वाचून दाखवू शकला.

परंतु या नियमात एक फट राहिली. एमआरपीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे. एमआरपी किती असावी यावर मात्र, औषधांसारखे मोजके अपवाद सोडले तर, बंधन नाही. ती उत्पादक ठरवतो. साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर तो सहसा वाजवी आकडा छापतो, कारण कोपऱ्यावरचा वाणी त्याच किमतीला विकतो. इअरफोन, मनगटी घड्याळे, मिक्सर, ट्रॉली बॅगा यांच्या खोक्यावरची गोष्ट वेगळी. तिथे छापील किंमत कमाल मर्यादा म्हणून उरलेलीच नाही. ती सवलतीची सुरुवातीची रेघ झाली आहे. सरकारने ग्राहकाच्या रक्षणासाठी छापायला लावलेला आकडा हाच भारताचा अधिकृत ‘काकेने’ बनला आहे, आणि मित्सुईला हे पाहून हसू आले असते की रडू, हे सांगणे कठीण आहे.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ भरवला. दसरा नुकताच झाला होता, दिवाळी अडीच आठवड्यांवर होती. तारीखही हौसेने निवडलेली होती: कंपनी ज्या सदनिकेत सुरू झाली तिचा क्रमांक ६१०. दहा तासांत सुमारे ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले. त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले, ऑर्डरी रद्द झाल्या आणि सेलच्या आधी किमती चढवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना माफीपत्र पाठवले. त्यात तांत्रिक बिघाडांबरोबर किमतींतील बदलांचाही उल्लेख होता. भारतीय खरेदीदाराने ‘मूळ किंमत’ या कल्पनेला मोठ्या प्रमाणावर आणि उघडपणे आव्हान दिले, असा तो दिवस होता. दुर्दैवाने चर्चा सर्व्हरच्या क्षमतेवर अडकली.

अशा सेलमध्ये खरी स्वस्ताई नसतेच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुने मॉडेल काढून टाकायचे असते, साठा मोकळा करायचा असतो, बँका आपल्या कार्डांवर खरोखर पैसे सोडतात. अनेक घरांतला पहिला फ्रिज किंवा मुलीच्या अभ्यासासाठीचा लॅपटॉप अशाच सेलमधून आला आहे. प्रश्न इतकाच की ही खरी स्वस्ताई आणि कागदी स्वस्ताई ग्राहकाने ओळखायची कशी? वाण्याकडच्या साखरेचा भाव दर महिन्याला कळत होता. मिक्सर दहा वर्षांतून एकदा घेतला जातो. त्याच्या किमतीची आठवण कोणत्याच घरात नसते. ती फक्त विक्रेत्याच्या संगणकात असते.

भारताने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि खोटी घाई निर्माण करण्यास मनाई केली. म्हणजे घड्याळाकडे कायद्याचे लक्ष गेले आहे. खोडलेल्या आकड्याचे काय? युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशाद्वारे याचे उत्तर दिले आणि मे २०२२ पासून ते लागू झाले: सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवली पाहिजे. जर्मनीतल्या एका किराणा साखळीने ती किंमत छापली खरी, पण बारीक अक्षरांत. सवलतीची टक्केवारी मात्र आधीच्या चढ्या किमतीवरून मोजली. वाद केळी आणि अननसांच्या जाहिरातीचा होता. तो युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की टक्केवारीसुद्धा ३० दिवसांतल्या सर्वांत कमी किमतीवरूनच मोजावी लागेल.

भारतात हे करणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. २०१८ पासून ऑनलाइन विक्रेत्यांना संकेतस्थळावर एमआरपी दाखवावीच लागते. तिच्या शेजारी गेल्या ३० दिवसांतली सर्वांत कमी विक्री किंमत दाखवायला एक ओळ पुरेल आणि त्यासाठीची माहिती कंपन्यांकडे तासातासाची आहे. ग्राहक संघटनांनी ही मागणी दिवाळी सरल्यावर लगेच लावून धरायला हवी, कारण ऑक्टोबरात तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नसतो. तोवर ज्याला मिक्सर घ्यायचा आहे त्याने गणपतीच्या दिवसांतच त्याची किंमत वाणसामानाच्या वहीत तारखेसह टिपून ठेवावी.