मोरस साखर ते कोयता : नव्या करारात दराशिवाय काय लिहायचं?

भाजे (ता. मावळ) : ऊसतोडणीच्या दराचा तीन वर्षांचा करार या हंगामाबरोबर संपतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं तो झाला होता. दरात ३४ टक्के वाढ, म्हणजे टनाला साधारण ३६६ रुपये, आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के. आता पुन्हा बैठका होतील, ‘कोयता बंद’ची भाषा होईल आणि शेवटी एक टक्का ठरेल. आम्ही बातमीदारही टक्काच छापतो. माझं म्हणणं एवढंच की टक्क्याच्या आधी एकदा कागद बघा. तोडणीवाला कुणाशी बांधला जातो, कशानं बांधला जातो आणि सुटतो कधी, हे त्या टक्क्यात कुठंच येत नाही.

आपला मावळ हा भाताचा तालुका. इंद्रायणी तांदूळ ही आपली ओळख. तरी पवन मावळात आणि नदीकाठच्या पट्ट्यात ऊस आहे, तो कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम कारखान्याला जातो. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या येतात. माळावर कोप्या पडतात, पहाटे चार वाजता फडात बॅटऱ्या दिसतात, संध्याकाळी वाढ्याचे भारे रस्त्याला विकायला येतात. आपण हे इतकी वर्षं बघतोय की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटेनासं झालंय.

विचारायचं तर जरा मागं जावं लागतं. जुन्या मराठी लिखाणात ‘मोरस साखर’ असा शब्द येतो. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्याकडं घरोघरी गूळ आणि काकवी होती, पांढरी दाणेदार साखर ही बाहेरून आलेली चीज. ती मोठ्या प्रमाणात मॉरिशस बेटावरून मुंबई बंदरात उतरायची. १८६३ ला बोरघाटाची रेल्वे पूर्ण झाली, मग पोती खंडाळा, लोणावळा, मळवली करत देशावर चढू लागली. म्हणजे भाज्याच्या लेण्यांवरून जी लाईन दिसते, त्याच लाईनीनं. पुढं स्वदेशीच्या चळवळीत पुण्यात परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. हाडांच्या कोळशानं ती पांढरी करतात, हे तेव्हाचं मोठं कारण होतं. साखर कुणाच्या हातांनी पिकते, हा मुद्दा तेव्हा फारसा निघाला नाही.

ती पिकत होती ती अशी. मॉरिशसला ऊस नेला डचांनी, जावा बेटावरून, १६३९ मध्ये. मग बेट फ्रेंचांकडं गेलं आणि त्यांनी मादागास्कर, मोझांबिककडून माणसं विकत आणून उसात घातली. अटलांटिक महासागरापलीकडं तर याहून कितीतरी मोठा बाजार होता. तिथं साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोट आफ्रिकी माणसं जहाजात कोंबली, त्यातली साधारण एक कोट सात लाख जिवंत उतरली. ब्राझील आणि वेस्ट इंडीजमध्ये गेलेल्यांतले बहुतेक ऊस आणि साखरेसाठीच. इतर पिकांपेक्षा उसालाच एवढी माणसं का लागली, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही. चोवीस तासांत गाळपाला गेला नाही की उतारा पडतो. त्यामुळं ज्याच्याकडं कारखाना त्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, न चुकता हजर होणारी माणसं लागतात. मजुरानं ‘आज येत नाही’ म्हणणं या धंद्याला परवडत नाही. तेव्हाही परवडत नव्हतं, आजही परवडत नाही.

इंग्रजांनी १८१० मध्ये मॉरिशस घेतलं. १८३३ ला त्यांच्या पार्लमेंटनं गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ ला लागू झाला. नुकसानभरपाई म्हणून २ कोटी पौंड ठरले. ते मिळाले मालकांना. गुलामांना छदाम नाही, उलट काही वर्षं ‘उमेदवारी’ म्हणून त्याच मालकाकडं राबायची सक्ती. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारनं पुढच्या कर्जांत मिसळत नेलं, आणि ते पूर्ण फिटलं २०१५ मध्ये. म्हणजे मालकांचं नुकसान तिथल्या करदात्यांनी परवापरवापर्यंत भरलं.

आता गुलाम नाही तर ऊस तोडायचा कुणी? त्याचं उत्तर आपल्याकडून गेलं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. तिथून १९१० पर्यंत साडेचार लाखांवर हिंदी माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा लहान, पण त्यात रत्नागिरी, सातारा भागातली आपली माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत, मराठी मंडळ्या चालवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथं सार्वजनिक सुट्टी असते. मॉरिशसचा गणपती म्हटलं की आपल्या पेपरांत कौतुकाची बातमी येते. ती यावीच. पण ती माणसं तिथं फिरायला गेली नव्हती.

ॲग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि सही करणारा गिरमिटिया. आता हा करार नीट वाचा, कारण खरी गोष्ट इथं आहे. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. सुरुवातीच्या वर्षांत निघण्याआधीच काही महिन्यांचा पगार आगाऊ, तो पुढं पगारातून कापायचा. मळा सोडून जाता येणार नाही. माणसं गोळा करायला आणि फडात हाकायला सरदार, बहुतेक वेळा त्यांच्यातलाच, त्यांचीच भाषा बोलणारा. आणि एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिथं ‘डबल कट’ म्हणत. १८६७ च्या कायद्यानं तर फोटो लावलेला पास बाळगायची सक्ती आली. पास नसला की भटक्या ठरवून आत टाकायचे. ॲडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या गृहस्थानं १८७१ ला नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडं दिला, तेव्हा मळेवाल्यांनी त्याच्यावरच राळ उठवली, भर रस्त्यात मारहाणही झाली. पण त्या अर्जामुळं १८७२ ला रॉयल कमिशन बसलं.

आता आपल्याकडचा कागद बघा. बऱ्याचदा कागद नसतोच, पण व्यवहार असा. कारखाना वाहनमालकाशी करार करतो. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो, मुकादम जोडप्याला उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीला लाखाच्या आसपास जाते. हिशेब करा. जोडीनं दिवसाला दोन टन ऊस तोडला धरला तर ३६६ च्या दरानं ७३२ रुपये. लाख रुपये फिटायला एकही दिवस न चुकता १३७ दिवस लागतील, आणि त्यात खाणं, औषधपाणी धरलेलं नाही. अलीकडं काही हंगाम शंभर दिवसांच्या आसपासच आटोपले. राहिलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत चढते. आता खाडा. एक दिवस कामाला गेलं नाही तर बऱ्याच ठिकाणी ५०० रुपये दंड. म्हणजे त्या दिवसाचे ७३२ मिळाले नाहीत ते नाहीतच, वर ५०० अंगावर, एकूण १,२३२ चा खड्डा. मॉरिशसचा डबल कट जवळजवळ तसाच्या तसा आपल्या फडात आहे. फक्त त्याला इथं कायद्याचा आधार नाही, रिवाजाचा आहे.

या खाड्याची किंमत बाईनं कशी मोजली ते आता सरकारी कागदावर आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागं एक. डॉक्टरांनी घाबरवलं, गरज नसताना ऑपरेशनं केली, हे सगळं आहेच. पण पाळीच्या दिवसांत फडात ना संडास ना पाणी, आणि सुट्टी घेतली की दंड, हे त्याच्या मुळाशी आहे. आणि ज्या बाईनं हे सोसलं तिचं नाव हिशेबाच्या वहीत नसतं. वहीत नवऱ्याच्या नावानं एक कोयता.

याला गुलामगिरी म्हणायचं का? माझ्या मते नाही. गुलाम विकला जायचा, त्याचं पोर जन्मतःच मालकाचं व्हायचं. शब्द असे सरसकट वापरले की त्यांचा अर्थ जातो. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून त्यांना ते जवळचं वाटलं, कारण साखळीचा आकार ते ओळखत होते. आपणही तेवढं तरी करावं. उचल फिटेपर्यंत दुसरीकडं कामाला जाता येत नसेल तर त्याला आपल्याच देशाच्या १९७६ च्या कायद्यात नाव आहे, वेठबिगारी. त्यासाठी आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही.

शेतकरी म्हणून माझीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. ऊस वाळत असताना टोळी एकरी ‘खुशाली’ मागते, ड्रायव्हर वेगळे मागतो, आणि आपण देतो. दिले नाहीत तर पाळी पुढं जाते. तेव्हा मनात तोडणीवाल्याविषयी दया वगैरे येत नाही, राग येतो. गावोगाव कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली पोरं आहेत, त्यांचे लाखो रुपये घेऊन मुकादम फरार झालेत. पोलीस स्टेशनला गुन्हे दाखल होतात, पैसे येत नाहीत. मग पुढच्या वर्षी तेच पोरगं टोळीवर जास्त कडक होतं, कोपीवर पहारा ठेवतं. उचलीची जोखीम वरून खाली ढकलत आणली की शेवटी दोन गरीबच एकमेकांच्या मानगुटीवर बसतात. कारखान्याचा शिक्का मात्र यात कुठं नसतो. हे आमचे कामगार नाहीत, ते ठेकेदाराचे, असं म्हणायला जागा राहते.

यावर काहीच झालं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यासाठी गाळपाच्या टनामागं १० रुपये कारखान्यांनी द्यायचे आहेत. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, गावाकडं ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं आहेत. हार्वेस्टरही वाढतायत. पण आपल्या मावळात तुकडे लहान, बांध आडवे, ओल जास्त. इथं मशीन फिरायला अजून वेळ आहे, कोयताच येणार.

म्हणून गोखल्यांची आठवण काढतो. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, कर्मभूमी पुणे. त्यांनी १९१० ला नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव मंजूर करून घेतला. मग ४ मार्च १९१२ ला ही करारपद्धतच बंद करा असा ठराव मांडला. पगार वाढवा, जहाजात जागा जास्त द्या, अशी मागणी त्यांनी केली असती तर सरकारनं आनंदानं मान्य केली असती. त्यांनी बोट ठेवलं ते करारावरच. ज्याला वाचता येत नाही त्याच्याकडून अंगठा घेऊन पाच वर्षं बांधायचं आणि मोडला तर फौजदारी करायची, ही गोष्टच मुळात चूक. सरकारी बहुमतानं ठराव पडला. गोखले १९१५ ला गेले. १९१६ ला मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला, १९१७ ला माणसं पाठवणं थांबलं.

तर येत्या करारात दर वाढावाच, त्याला माझी हरकत नाही. ऊसउत्पादक म्हणून त्याचा भार माझ्याच बिलातून जाणार, तरीही. पण त्या कागदावर आणखी काही ओळी लागतील. खाड्याचा दंड बंद. बाईचं नाव वेगळं आणि तिच्या टनाचे पैसे तिच्या खात्यावर. उचल कारखान्यानं थेट बँकेतून द्यावी, तिची पावती जोडीच्या हातात असावी, आणि हंगाम संपल्यावर राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर चढवता येऊ नये. हे झालं तर वाहनमालक पोरगंही सुटेल आणि मुकादमाला पळायला पैसेच उरणार नाहीत. कारखाने म्हणतील, थेट नोंदणी जमणार नाही, माणसं लाखांनी आहेत. पण हेच कारखाने माझ्या वीस गुंठ्यांच्या खोडव्याची नोंद लागणीच्या तारखेसकट ठेवतात, टनाचा हिशेब किलोत देतात. आपल्या आमदार-संचालकांना बैठकीआधी एवढं विचारायला हरकत नाही : उसाची नोंद होते, तर तो तोडणारीची का होत नाही?