कोपऱ्यातला पारा
मे महिन्यात जळगावच्या दुकानात बिल होईस्तोवर गिऱ्हाईकाची नजर कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात जाते: ४४ अंश. बाहेरून भाजून आलेला माणूस तो आकडा वाचून मगच म्हणतो, "भलतंच ऊन शे भो!" २०२१ पासून विंडोजने तापमान दाखवणारं विजेट तिथे आणून बसवलंय, टिचकी मारली की मात्र नटनट्यांच्या बातम्यांची जत्रा उघडते. २००७ च्या विंडोज व्हिस्टातली घड्याळ-कॅलेंडरं कशी गपगुमान कडेला उभी असत! २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करायला सांगितली. धुळ्याकडचे हिशेबनीस अजून पडद्यावर पिवळ्या स्टिकी नोट्स डकवतात, बहुतेक उधारीच्याच. विजेटनेही तसंच, त्या चिठ्ठीसारखं, न विचारता एकच गोष्ट सांगावी आणि गप्प बसावं. विंडोज ११ च्या विजेट सेटिंगमध्ये बातम्या तेवढ्या बंद करता येतात. आजच करून टाका.